मतदारसंघांची पुनर्रचना : स्टॅलिन यांच्या भूमिकेकडे महाराष्ट्राने कसे पाहावे?

कृष्णाकाठ (सांगली) | १२ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री, द्रमुकचे अध्यक्ष एम. के. स्टॅलिन यांनी त्या मेळाव्याचे जाहीर कौतुक केले. पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला रद्द झालेले असल्याने आपल्याकडची चर्चा साहजिकच भाषेभोवती फिरत राहिली. मला मात्र स्टॅलिन यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल विचारायचे आहे. गेले पाच महिने ते तो लावून धरत आहेत आणि मराठी वर्तमानपत्रांत त्याला आतल्या पानावर दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा मिळालेली मी तरी पाहिली नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप आजही १९७१ च्या जनगणनेवर उभे आहे. ते गोठवण्याची मुदत संपत आली असून नव्या लोकसंख्येवर वाटप झाले, तर ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवले त्यांच्याच जागा घटतील. तमिळनाडूच्या ३९ पैकी ८ जागा जातील असे ते सांगतात. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी २६ फेब्रुवारीला कोइम्बतूर येथे दक्षिणेकडील एकाही राज्याची एकही जागा कमी होणार नाही असे आश्वासन दिले, पण स्टॅलिन यांचे त्याने समाधान झाले नाही. २२ मार्चला त्यांनी चेन्नईत संयुक्त कृती समितीची बैठक घेतली. केरळ, तेलंगण आणि पंजाबचे मुख्यमंत्री तिथे प्रत्यक्ष आले, कर्नाटकाच्या वतीने उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार आले, ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवीन पटनाईक दूरदृश्य प्रणालीवरून बोलले.

ज्या सात राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना स्टॅलिन यांनी निमंत्रणाचे पत्र धाडले, त्यांत पंजाब, ओडिशा आणि पश्चिम बंगाल आहेत, महाराष्ट्र नाही. आपले मुख्यमंत्री भाजपचे असल्यामुळे पत्र आले नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण चंद्राबाबू नायडू रालोआत असूनही आंध्र प्रदेशाला पत्र गेले होते. मग आपल्याला न बोलावण्याचे कारण काय असावे? या गणितात महाराष्ट्राला तोटा आहे की फायदा? की आपण नुसते कठड्यावर बसून गंमत पाहायची?

जाणकारांनी लिहावे. 'मोदी चांगले की स्टॅलिन चांगले' हा धागा कृपया दुसरीकडे काढावा.

---

अड्यारकर | १२ जुलै, रात्री

मी अकरा वर्षे चेन्नईत राहतो, त्यामुळे इथून जे दिसते ते सांगतो. गणित दुसरे कोणी मांडेल.

'तोगुदी मरुवरैयरै' हा शब्द वर्षभरापूर्वी आमच्या कार्यालयातील तमिळ सहकाऱ्यांनाही जड वाटत असे. तोगुदी म्हणजे मतदारसंघ आणि मरुवरैयरै म्हणजे नव्याने आखणे. मार्चपासून तो भिंतींवर रंगवलेला दिसू लागला, आणि आता आमच्या कोपऱ्यावरचा चहावालाही ३९ वजा ८ हा हिशेब पेल्यात चहा ओतता ओतता सांगतो. इतका रुक्ष घटनात्मक विषय नाक्यावर आणून ठेवणे हे पक्षनेत्याचे कसब आहे, मग त्याचा हेतू कोणाला काहीही वाटो. हेतू उघडच आहे. पुढच्या वर्षी इथे विधानसभा निवडणूक आहे, आणि राज्याच्या हक्कांवर निवडणूक लढवणे ही द्रमुकची अण्णादुराईंपासूनची वहिवाट आहे. कारभारावरचे प्रश्न मागे पडावेत यासाठीही असा विषय कामी येतो, हे इथले विरोधक रोज सांगतात आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

तरीही हा निव्वळ निवडणुकीचा डाव असता, तर ५ मार्चच्या सर्वपक्षीय बैठकीला अण्णाद्रमुक गेला नसता. भाजपने बहिष्कार टाकला, पण द्रमुकशी ज्यांचे हाडवैर आहे ते एका टेबलाशी बसले. त्या बैठकीने १९७१ चे वाटप आणखी ३० वर्षे तसेच ठेवावे अशी मागणी केली. २२ मार्चच्या समितीने ती २५ वर्षांवर आणली. दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे : एकूण जागा वाढवायच्याच असतील, तर तमिळनाडूचा आजचा ७.१८ टक्के वाटा कायम ठेवावा. म्हणजे प्रश्न आकड्याचा नाही, वाट्याचा आहे. शहा यांचे आश्वासन आकड्याबद्दल होते. ३९ च्या ४९ झाल्या आणि त्याच वेळी उत्तर प्रदेशाच्या ८० च्या १४३ झाल्या, तर 'एकही जागा कमी झाली नाही' हे विधान अक्षरशः खरे राहील आणि तमिळनाडूचे वजन मात्र उतरलेले असेल. लोकसभेच्या एकूण ८४८ जागांचा जो अंदाज चर्चेत आहे, त्यात साधारण हेच आकडे येतात.

एक गमतीची गोष्ट सांगतो. नवदांपत्याला 'सोळा मिळवून मोठे आयुष्य जगा' असा आशीर्वाद देण्याची इथे जुनी रीत आहे. ती सोळा म्हणजे विद्या, आरोग्य, धान्य अशी सोळा प्रकारची संपत्ती. गेल्या ऑक्टोबरात एका सामुदायिक विवाहसोहळ्यात स्टॅलिन म्हणाले की, जागा कमी होणार असतील तर आता सोळा मुलेच का होऊ देऊ नयेत असे लोकांना वाटू लागेल. लोक हसले. मार्चमध्ये नागपट्टिनमला मात्र त्यांनी नवविवाहितांना लवकर मुले होऊ द्या असे सरळच सांगितले, तेव्हा हसणारे कमी होते. ज्या राज्याने दोन पिढ्या लहान कुटुंबाचा अभिमान मिरवला, तिथल्या मुख्यमंत्र्याने हे बोलावे याचे मला आजही वाईट वाटते.

त्यांच्या भूमिकेचा हा एकच तुकडा सुटा पाहू नये. समग्र शिक्षा योजनेचे २,१५२ कोटी रुपये अडवल्याची तक्रार, राज्यपालांनी रोखलेल्या दहा विधेयकांवरचा ८ एप्रिलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्यानंतर आठवड्याभरात केंद्र-राज्य संबंधांचा आढावा घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती, हे सगळे एकाच धाग्यातले आहे. करुणानिधींनी १९६९ मध्ये राजमन्नार समिती नेमली होती. मुलगा वडिलांच्याच वाटेने निघाला आहे.

---

त्रैराशिक | १३ जुलै

अड्यारकर यांनी वाट्याचा मुद्दा नेमका धरला आहे. त्याला आकडे जोडतो. सोयीसाठी २०११ ची जनगणना घेतो, कारण ताजी गणना अजून व्हायची आहे.

१९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत तमिळनाडूचा वाटा साडेसात टक्के होता, २०११ मध्ये तो सहा टक्क्यांवर आला. केरळचा ३.९ वरून २.८ वर घसरला. राजस्थानचा ४.७ वरून ५.७ वर गेला. महाराष्ट्राचा १९७१ मध्ये ९.२ होता आणि २०११ मध्ये ९.३ आहे. चाळीस वर्षांत आपण जागचे हललेलो नाही! ५४३ जागा सरळ त्रैराशिकाने वाटल्या, तर तमिळनाडूला ३२, केरळला २० ऐवजी १५, उत्तर प्रदेशाला ९०, राजस्थानला २५ ऐवजी ३१ आणि महाराष्ट्राला ४८ च्या जागी सुमारे ५० येतात. लहान राज्यांना किमान एक जागा द्यावीच लागत असल्याने प्रत्यक्षात यात थोडा फरक पडेल. कृष्णाकाठ यांच्या 'आपल्याला का बोलावले नाही' या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच आहे. ज्याचे काही जात नाही त्याला मोर्चात कोण बोलावतो?

पण आपला वाटा टिकला तो कशामुळे, हे पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तमिळनाडूचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.८ आणि महाराष्ट्राचा १.७ होता, म्हणजे आपला तमिळनाडूपेक्षाही कमी. बिहारचा ३ होता. तेव्हा मुले कमी होऊ देण्यात आपण तमिळनाडूच्या मागे नाही. फरकात स्थलांतराचाही वाटा आहे. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. पूर्वांचलातून भिवंडीच्या यंत्रमागावर आलेला कामगार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत धरला जातो, आणि आपल्या ४८ जागा शाबूत राहण्यात त्याचाही हातभार आहे. ज्यांना 'बाहेरच्यांचे लोंढे' हा शब्द फार आवडतो, त्यांनी या बेरजेकडे एकदा शांतपणे पाहावे.

आता कायद्याकडे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वाटप गोठवले आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत वाढवली. सध्याच्या अनुच्छेद ८२ प्रमाणे २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल, तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत राज्यवार वाटप बदलत नाही. १६ जूनच्या अधिसूचनेत बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरली आहे, म्हणजे हीच ती 'पहिली जनगणना' ठरते. जनगणना २०२१ मध्ये वेळेवर झाली असती, तर हा प्रश्न २०३१ पर्यंत उभाच राहिला नसता. लांबणीवर पडलेल्या जनगणनेचा हा परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. शिवाय महिला आरक्षणाची अंमलबजावणीही याच पुनर्रचनेशी बांधलेली असल्याने 'आणखी २५ वर्षे काही करू नका' म्हणणाऱ्यांना त्याचे काय करायचे हेही सांगावे लागेल. स्टॅलिन यांच्या मागणीतला हा कच्चा दुवा आहे असे माझे मत आहे.

दुसऱ्या बाजूला, अमित शहा यांच्या आश्वासनातही पाचर आहे. त्यांनी 'प्रमाणानुसार' असा शब्द वापरला. प्रमाण कशाचे? आजच्या जागांचे असेल, तर सर्वांच्या जागा सारख्याच पटीने वाढतील आणि स्टॅलिन यांची मागणी मान्य झाल्यासारखेच होईल. पण मग अनुच्छेद ८१ मधील 'लोकसंख्या आणि जागा यांचे गुणोत्तर शक्यतो सर्व राज्यांत समान' हे तत्त्व बदलावे लागेल. लोकसंख्येचे असेल, तर आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय लोकसभेची घटनात्मक कमाल मर्यादा ५५० आहे. ती ओलांडायची तर दोनतृतीयांश बहुमत लागते, आणि राज्यांच्या संसदेतील प्रतिनिधित्वाला हात लागत असल्यास निम्म्या विधानसभांची संमतीही लागते. नव्या संसद भवनात ८८८ आसनांचे सभागृह बांधले गेले, म्हणजे तेवढे सदस्य निवडून आलेच असे होत नाही.

---

संगमेश्वरी | १३ जुलै, संध्याकाळी

महाराष्ट्राचे काही जात नाही, हे त्रैराशिक यांचे वाक्य मुंबईत बसून लिहिले तर बरोबर आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि आमचे जायचे ते २००९ मध्येच गेले.

२००१ च्या जनगणनेवर राज्याच्या आत मतदारसंघ पुन्हा आखले गेले तेव्हा एकूण आकडे तेच राहिले, ४८ आणि २८८. पण आतल्या आत जी उलथापालथ झाली, ती पाहा. विदर्भाचे आमदार ६६ चे ६२ झाले. मुंबईचे ३४ चे ३६ झाले आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याचे १३ चे २४ झाले. आमचा संगमेश्वर विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला, खेडही गेला, आणि तालुक्यांचे तुकडे करून शेजारच्या मतदारसंघांना जोडले गेले. ज्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले, तोही उरला नाही. दापोली आणि गुहागर रायगडला गेले, खालचा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला, आणि तिकडे ठाण्याच्या भूमीवर कल्याण, भिवंडी, पालघर असे नवे खासदार उगवले.

यात अन्याय कोणी केला? कोणीच नाही. नियमाप्रमाणेच झाले. आमच्या वाडीत बावीस घरे आहेत. शिमग्याला आणि गणपतीत बाविसांच्या बाविसांत दिवा लागतो, एरवी तेरा घरांना कुलूप असते. जनगणनेचे गुरुजी फेब्रुवारीत येतात. २००१ साली ते आमच्या अंगणात टेकले, गूळपाणी घेतले आणि वरच्या आळीकडे बोट करून म्हणाले, "तिकडे जाऊन काय करू, कुलपे मोजू?" माझा भाऊ, त्याची बायको, दोन मुले तेव्हा डोंबिवलीत होती आणि तिथेच मोजली गेली. डोंबिवलीला आमदार मिळाला, आमचा गेला. भावाला पाणी तिथे लागते, शाळा तिथे लागते, तेव्हा प्रतिनिधीही तिथेच हवा, हे मला समजते. पण गावचा पूल, गावची एसटी आणि गावचा दवाखाना यांच्यासाठी विधानसभेत उठून बोलणारा माणूस कमी झाला, हेही तितकेच खरे आहे, आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला की ते आम्हाला फार कळते.

म्हणून स्टॅलिन यांचे भाषण वाचताना मला दोन गोष्टी एकदम वाटतात. त्यांचे दुःख मी जाणतो. पण चेन्नईच्या आपल्या राज्यात काय झाले? तिथेही २००८ मध्ये याच पुनर्रचना आयोगाने आतली आखणी बदलली. राज्याराज्यांत लोकसंख्येचे तत्त्व नको आणि राज्याच्या आत तेच तत्त्व हवे, ही भूमिका सगळ्याच पक्षांच्या सोयीची आहे. पुढच्या पुनर्रचनेत महाराष्ट्राच्या ४८ च्या ५० झाल्या किंवा ७५ झाल्या, तरी त्यातल्या बहुतेक पुणे, ठाणे, पालघर याच पट्ट्यात पडणार. कोकण आणि विदर्भ पुन्हा हिशेबात मागेच राहतील. आमच्यासाठी कोणती संयुक्त कृती समिती बसणार आहे?

---

गोमतीकाठचा | १४ जुलै

माझे बालपण लखनौत गेले, आजोळ झाशीचे. दोन्हीकडचे मराठी घर. त्यामुळे ही दुसरी बाजू कोणीतरी मांडावी म्हणून लिहितो.

२०११ च्या लोकसंख्येने पाहिले, तर केरळचा एक खासदार साधारण पावणेसतरा लाख लोकांचा प्रतिनिधी आहे, तमिळनाडूचा साडेअठरा लाखांचा, महाराष्ट्राचा साडेतेवीस लाखांचा, उत्तर प्रदेशाचा पंचवीस लाखांचा आणि राजस्थानचा सव्वासत्तावीस लाखांहून अधिकांचा. झाशीतल्या माझ्या मामेबहिणीच्या मताचे वजन कोट्टयममधल्या बाईच्या मताच्या दोनतृतीयांश आहे. तिला दोनच मुले आहेत. तिने कुटुंबनियोजनात काय कसूर केली? स्टॅलिन राज्याला बक्षीस आणि शिक्षा यांच्या भाषेत बोलतात, पण मत राज्य देत नाही, माणूस देतो. दक्षिणेत जननदर आधी उतरला, कारण तिथे मुली आधी शाळेत गेल्या आणि दवाखाने आधी उभे राहिले. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, तिचे मतही हलके ठेवायचे, हा न्याय मला पटत नाही.

उत्तरेच्या दडपशाहीची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना तीच भीती स्पष्ट मांडली होती, पण त्यांचा उपाय वेगळा होता : उत्तर प्रदेशाची तीन राज्ये करा, बिहारची दोन करा. मायावतींच्या सरकारने २०११ मध्ये उत्तर प्रदेशाच्या चार भागांचा ठराव विधानसभेत मंजूरही केला, आणि तो तिथेच राहिला. आंबेडकरांनी त्याच लिखाणात महाराष्ट्राचेही चार भाग सुचवले होते, हे मात्र आपल्याकडे सहसा कोणी उद्धृत करत नाही.

---

त्रैराशिक | १४ जुलै

गोमतीकाठचा, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि माझ्या आकड्यांत तो यायला हवा होता. एकच भर घालतो. लोकसभा माणसांची आणि राज्यसभा राज्यांची अशी आपली समजूत असते, पण राज्यसभेच्या जागाही मुख्यतः लोकसंख्येवरच वाटलेल्या आहेत : उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तमिळनाडू १८, केरळ ९. शिवाय उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट २००३ मध्ये काढून टाकली गेली. राज्यांना राज्य म्हणून बोलण्याची जागा कुठेच उरली नाही, त्यामुळे सगळा भार लोकसभेच्या जागांवर येऊन पडतो. स्टॅलिन यांनी राज्यसभेच्या रचनेसाठी इतकाच जोर लावला असता, तर झाशीच्या बहिणीचे मत हलके न करताही त्यांचे म्हणणे मांडता आले असते.

पैशाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र कठड्यावर बसलेला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीत आपल्याला ६.३१७ टक्के दिले, लोकसंख्येत आपण ९.३ टक्के असताना. तमिळनाडूला ४.०७९ मिळाले, उत्तर प्रदेशाला १७.९३९. गरीब राज्याला जास्त मिळावे हे योग्यच आहे, पण हे गुणोत्तर कुठवर ताणायचे हे ज्या सभागृहात ठरते, तिथले आपले वजन किती, हा प्रश्न आपलाही आहे.

---

कृष्णाकाठ | १५ जुलै

सर्वांचे आभार. मी विचारले होते महाराष्ट्र विरुद्ध तमिळनाडू, आणि उत्तर आले ते देवरुख विरुद्ध डोंबिवली! संगमेश्वरी यांचा प्रतिसाद वाचल्यावर आमच्याकडचे शिराळा आणि आटपाडी डोळ्यांसमोर आले. तिथूनही तरुण मुले पुण्याला जातात आणि फेब्रुवारीत तिथेच मोजली जातात.

एक शंका राहते. राज्याच्या आतल्या आखणीत केवळ लोकसंख्या न पाहता डोंगराळ भाग, दळणवळण यांचाही विचार करावा असे पुनर्रचनेच्या कायद्यात आहे ना? मग २००८ मध्ये कोकणाला त्याचा काही उपयोग झाला का?

---

संगमेश्वरी | १५ जुलै

कायद्यात आहे. भौगोलिक रचना, दळणवळणाच्या सोयी आणि प्रशासकीय हद्दी लक्षात घ्याव्यात असे लिहिलेले आहे, पण ते 'शक्यतोवर'. आधी जिल्ह्याला लोकसंख्येप्रमाणे किती जागा द्यायच्या ते ठरले आणि मग त्या जागांच्या रेषा डोंगर-नद्या पाहून ओढल्या गेल्या, असे आमच्या अनुभवाला आले. रेषा कुठून जावी यावर हरकती मागवल्या होत्या, मीही एक पाठवली होती. जागा किती असावी यावर हरकत घेण्याची सोय त्या कागदात नव्हती.

या वेळी गुरुजी येतील तेव्हा फेब्रुवारी २०२७ असेल आणि त्या वर्षीचा शिमगा मार्चमध्ये आहे. भावाला म्हटले आहे, महिनाभर आधी ये. तो म्हणाला, "रजा कोण देणार?"